हिरव्या कापडातलं गाठोडं

चंद्रशेखरने भंगाराचं पिंप आडवं पाडलं आणि आतला सगळा ऐवज बुटाने स्टोअरच्या फरशीवर पसरला. गंजके बोल्ट, फाटके हातमोजे, झिजलेली ग्राइंडरची चाकं, चहाचे चुरगळलेले कप. त्याला हवा असलेला नारिंगी बेल्ट त्यात नव्हता.

"सायबानू, कालपण पाडलंत हे पिंप," स्टोअर सांभाळणारा तय्यब म्हणाला. "मग भरायचं मीच."

"तुटका बेल्ट कुठे जातो तय्यब? पाय फुटतात त्याला?"

"माझ्याकडं आलाच नाय तो. मी रत्नागिरीचा मानूस, तुमच्याशी कशाला खोटं बोलू?"

चंद्रशेखरला ऐकू येत नव्हतं असं नाही, पण रागावलेला चंद्रशेखर आणि बहिरा माणूस यांत फारसा फरक उरत नसे. चिंचवडच्या कारखान्यात उमेदीची वर्षं काढून तो आखातातल्या सोहारच्या औद्योगिक वसाहतीतल्या या यार्डात सुपरवायझर म्हणून आला, तेव्हा सामानासोबत आवाजही घेऊन आला होता. क्रेनच्या घरघरीवरून तो पार कुंपणापर्यंत पोचे. माणसं त्याला घाबरत, आणि घाबरण्याचा कंटाळा आला की त्याची नक्कल करत.

पण या वेळचा राग नेहमीसारखा वरवरचा नव्हता. गेल्या आठवड्यात क्रेनने उचललेली लोखंडी तुळई बेल्ट तुटून खाली आली होती. जिथे आली तिथल्या काँक्रीटचा टवका उडाला. ज्या जागी टवका उडाला त्या जागी क्षणापूर्वी ओसा उभा होता. लोड बांधणारा ओसा, नायजेरियातल्या बेनिन शहराचा, उंचापुरा, दिवसभर गाणी म्हणणारा आणि कुणाचीही टर उडवणारा ओसा. तो नेमका दोन ढांगा बाजूला झाला होता म्हणून वाचला.

बेल्ट जुने झालेत, शिवण उसवली आहे, कडा विरल्या आहेत, हे चंद्रशेखर कित्येक महिने मॅनेजर कृष्णकांतसाहेबांच्या केबिनमध्ये जाऊन सांगत होता. साहेब शांतपणे ऐकून घेत, समोरची खजुराची डिश पुढे सरकवत आणि म्हणत, "होईल, पुढच्या महिन्यात नक्की." तुळई पडल्यावर मात्र साहेबांनी लगेच निकाल दिला. बेल्ट चांगला होता, ओसाने बांधताना हलगर्जीपणा केला. माणूस शाबूत आहे, तेव्हा समज देऊन सोडून देऊ. खलास.

तुटलेला बेल्ट हातात असता तर चंद्रशेखरने तो साहेबांच्या टेबलावर आपटला असता. तो कुजून तुटला होता हे शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. पण त्या संध्याकाळच्या गोंधळात बेल्ट नाहीसा झाला. आणि त्याच लॉटचे बाकीचे बेल्ट, जे चंद्रशेखरने स्वतः बाजूला काढून ठेवले होते, ते दुसऱ्या दिवशी पुन्हा खुंट्यांवर लटकत होते. साहेबांचा हुकूम. आता प्रत्येक लोड उचलताना चंद्रशेखर एकाच्या जागी दोन बेल्ट लावायला लावी आणि तुळई खाली टेकेपर्यंत श्वास रोखून उभा राही. पुढच्या वेळी खालचा माणूस बाजूला झालेला असेलच, याची हमी कोण देणार होतं?

तो स्टोअरमधून बाहेर आला तेव्हा ओसा शेडच्या सावलीत चहा पीत बसला होता. शेजारी कापडाची पिशवी होती. दोघांचं बोलणं यार्डातल्या मोडक्या हिंदी-इंग्रजीत चाले, आणि भांडणही त्यातच.

"ओगा!" ओसाने हाक मारली. आपल्याहून वरच्या माणसाला त्याच्याकडे असंच म्हणतात. "शुक्रवारी सकाळी मोकळा राहा. चर्चमध्ये माझं आभारप्रदर्शन आहे. तू माझ्याबरोबर नाचायचंस."

"कसलं आभारप्रदर्शन?"

"मी जिवंत आहे त्याचं. आमच्याकडे मोठ्या संकटातून वाचलेल्या माणसाने घरात गप्प बसून चालत नाही. सगळ्यांना गोळा करायचं, काय झालं ते सगळ्यांसमोर सांगायचं, देवापुढे नाचत जायचं." त्याने पिशवीतून हिरव्या कापडाची टोपी काढली. कापडावर पिवळी पानं छापली होती. "त्या दिवशी माझ्या माणसांचे कपडे एकाच कापडाचे. तू काही झगा घालणार नाहीस, म्हणून टोपी शिवून घेतली. कृष्णकांतसाहेबांनाही दिली. ते येतायत. पाहुण्यांची खुर्ची आहे त्यांना, पहिल्या रांगेत."

चंद्रशेखरने टोपीला हातही लावला नाही.

"त्याला बोलावलंस? त्याला?"

"माझा मॅनेजर आहे."

"तुझा मारेकरी आहे तो! तुळई तुझ्या डोक्यावर पडली असती तर त्याने तुझ्या आईला फोन करून हेच सांगितलं असतं, पोराने नीट बांधलं नव्हतं. आणि तू समज दिल्यावर काय म्हणालास? थँक यू सर! मी ऐकलं, तिथेच उभा होतो मी."

"देवाने वाचवलं ओगा. नो वहाला." म्हणजे काही बिघडलं नाही. ओसाचं हे आवडतं पालुपद होतं.

"देवाने? देवाला आणू नकोस यात. आभार देवाचे मानायचे आणि हा खुर्चीत बसून टाळ्या वाजवणार!" आवाज चढत गेला. शेडमधली माणसं कप खाली ठेवून ऐकू लागली. वर साहेबांच्या केबिनची खिडकी उघडी होती, पण चंद्रशेखरला तिची पर्वा नव्हती. "बेल्ट कुठाय, ओसा? तुटल्यावर सगळ्यात आधी तू गेला होतास तिथे."

ओसाने चहाच्या कपात पाहिलं.

"देव सोय करतो," तो म्हणाला.

"म्हणजे दिलास. नेऊन दिलास त्याला, नोकरी टिकवायला. विकला गेलास तू! हजार रियाल मागितले असतेस तर निदान भाव तरी कळला असता तुझा."

ओसाचं हसू एक क्षणभर विझलं. मग त्याने उठून टोपी चंद्रशेखरच्या हातात कोंबली आणि "शुक्रवारी, अकरा वाजता" एवढंच म्हणून तो क्रेनकडे निघून गेला. जाताना नेहमीसारखा गात होता. ते गाणं ऐकून चंद्रशेखरच्या अंगाचा अधिकच तिळपापड झाला. वरची खिडकी हळूच बंद झाली.

शुक्रवारी सकाळी त्याच्या बायकोने, श्यामलाने, त्याचा पांढरा सदरा इस्त्री करून पलंगावर ठेवला.

"मी जाणार नाहीये," तो म्हणाला.

"बरं."

"मैत्री गेली खड्ड्यात. मी त्याच्यासाठी महिनोन् महिने भांडतोय आणि हा त्या माणसाला पाहुणा करून बसवतोय. वर नाचा म्हणे."

"गणपतीत तो आपल्याकडे आला होता," श्यामला म्हणाली. "आरती पाठ नव्हती, तरी सगळ्यात मोठ्याने टाळ्या त्याच्याच होत्या. तुम्हाला तेव्हा किती बरं वाटलं होतं."

"तो प्रश्न वेगळा."

"असेल. टोपी गाडीत मागच्या सीटवर पडली आहे. धुळीची होईल म्हणून सांगितलं."

चंद्रशेखरने सदरा घातला. चडफडत गाडी काढली, चडफडत चर्चच्या आवाराबाहेर लावली, आणि आरशात न बघता टोपी डोक्यावर ठेवली. ती अगदी बरोबर बसली, याचाही त्याला राग आला.

मल्याळी मंडळींची प्रार्थना नुकतीच आटोपली होती. हॉल आता आफ्रिकन मंडळींना मिळाला होता. आत ढोल, की-बोर्ड आणि कर्ण्यांचा असा काही दणदणाट होता की चंद्रशेखरला आयुष्यात प्रथमच आपला आवाज लहान वाटला. बायका-पुरुष त्या हिरव्या कापडात उभे होते, झुलत होते, टाळ्या देत होते. पहिल्या रांगेत, रिबिनीने सजवलेल्या खुर्चीत, कृष्णकांतसाहेब बसले होते. डोक्यावर हिरवी टोपी, मांडीवर आणलेली फळांची परडी, चेहऱ्यावर लग्नात वरपित्याच्या असतं तसं समाधान. त्यांनी चंद्रशेखरला पाहून हात हलवला.

"बघ, किती साधी माणसं," ते त्याच्या कानाशी येऊन म्हणाले. "मनात काही ठेवत नाहीत. आपण शिकायला हवं."

चंद्रशेखरने दात आवळले. इथून निघून जावं, हा विचार त्याच्या मनात पक्का झाला, आणि तेवढ्यात ओसाने त्याला दारापाशी ओढून नेलं. तिथे मिरवणूक उभी राहत होती. आभार मानायला रिकाम्या हाताने जायचं नसतं. एका बाईच्या डोक्यावर तांदळाची गोण होती, दुसऱ्याकडे सुरणासारखे मोठे कंद, कुणाकडे रसाचे खोके. ओसाने हिरव्या कापडात बांधलेलं एक गाठोडं उचललं आणि चंद्रशेखरच्या हातांवर ठेवलं.

"हे तू घ्यायचंस. माझ्या सगळ्यात जवळच्या माणसाने."

"परवा मी तुला विकला गेलास म्हणालो."

"हो. फार जोरात म्हणालास," ओसा म्हणाला आणि वळून पुढे झाला. ढोलाने लय पकडली. रांग नाचत निघाली.

चंद्रशेखर नाचत नव्हता. तो बँकेच्या रांगेत असल्यासारखा चालत होता. नैवेद्याचं ताट धरावं तसं त्याने गाठोडं दोन्ही हातांनी धरलं होतं, कारण कुणाच्याही देवाकडे न्यायची वस्तू आणखी कशी धरतात हे त्याला ठाऊक नव्हतं. फळं नव्हती आत. धान्यही नव्हतं. काहीतरी मऊ, जड, घडी घातलेलं. त्याने अंगठा कापडावरून फिरवला. खालून शिवणीची जाड रेघ लागली, मग आणखी एक, समांतर. मग एकदम रेघ संपली आणि विस्कटलेले, राठ धागे हाताला लागले.

वीस-बावीस वर्षं ज्या वस्तूवर जीव टांगला होता ती कापडाआडूनही हाताला कळली.

तो थांबला. मागची गोणवाली बाई त्याच्यावर आदळली आणि खळखळून हसली. पुढे ओसा मागे न बघता नाचत होता. पहिल्या रांगेत कृष्णकांतसाहेब टाळ्या वाजवत होते. चंद्रशेखरने गाठोडं छातीशी घट्ट धरलं, डावा पाय पुढे टाकला, मग उजवा, आणि त्याच्या लक्षात येण्याआधी पावलं ढोलाच्या मागे जाऊ लागली. चिंचवडच्या विसर्जनाच्या मिरवणुकीत पडायची तशीच ती पडत होती, वेडीवाकडी आणि तावातावाने. राग गेला नव्हता. तो पायांत उतरला होता.

पुढे गेल्यावर सगळ्या वस्तू टेबलावर मांडल्या गेल्या. ढोल थांबले. ओसाने माइक घेतला. समोर दहा-वीस फोन वर झाले, कारण हा व्हिडिओ बेनिनला त्याच्या आईपर्यंत जायचा होता.

"गॉड इज गुड!" ओसा म्हणाला.

"ऑल द टाइम!" हॉल गरजला.

मग त्याने सांगायला सुरुवात केली. सकाळी नाश्त्याला काय खाल्लं इथपासून. क्रेनवाल्याची चालण्याची ढब त्याने करून दाखवली, तुळईची लांबी दाखवायला दोन पोरांना हॉलच्या दोन टोकांना उभं केलं. लोक हसून हसून खुर्च्यांवर वाकत होते.

"मी तुळईखाली उभा आहे. गातोय. आणि तिकडून हा माणूस," त्याने चंद्रशेखरकडे बोट दाखवलं, "हा ओरडला. ओसा! हेल्मेटचा पट्टा! गाढवा, पट्टा कोण तुझा बाप लावणार? देवाने काही लोकांना गोड गळा दिला. माझ्या ओगाला देवाने भोंगा दिला."

हॉल फुटला. चंद्रशेखरचे कान तापले.

"मी म्हटलं, याला आता सलाम ठोकून दाखवतो. म्हणून मी त्याच्याकडे निघालो, असा, सैनिकासारखा, त्याची मजा करायला. एक पाऊल. दोन पावलं. आणि माझ्या पाठीमागे..." ओसा बोलायचा थांबला. कुणी हसलं नाही. "त्या दिवशी हा जर प्रेमाने बोलला असता ना, मी जागचा हललो नसतो. मी देवाचे आभार मानतो या माणसाच्या रागाबद्दल."

"आमेन," कुणीतरी हळू म्हणालं. मग सगळेच म्हणाले. चंद्रशेखर खाली बघत राहिला. त्या संध्याकाळी आपण ओरडलो होतो, हे त्याला आठवत होतं. तो रोजच ओरडे. पण त्या ओरडण्याचा आणि त्या दोन ढांगांचा हिशेब त्याने कधी जुळवलाच नव्हता.

"आता माझी खास भेट," ओसा म्हणाला. "ही मोठ्या माणसाच्या हातून उघडायची असते. सर, प्लीज."

कृष्णकांतसाहेब उठले. त्यांनी टोपी नीट केली, सगळ्या फोनांकडे बघून हसले आणि गाठ सोडली. हिरवं कापड दोन बाजूंना पडलं. वर नारिंगी बेल्ट होता, आणि त्याचं तुटकं टोक, विटलेलं, पिंजलेलं, बोटांनी तोडता येईल इतकं कुजलेलं. साहेबांचं हसू तसंच राहिलं. फक्त त्यात आता साहेब नव्हते.

"हा तो बेल्ट," ओसाने तो दोन्ही हातांवर उचलून सगळ्यांना दाखवला. "माझ्या धाकट्या मुलीपेक्षा वयाने मोठा. देवाने याला मला मारू दिलं नाही. आणि आपल्याकडे अजून न मिळालेल्या गोष्टींचेही आभार आधीच मानतात, होय ना? म्हणून मी माझ्या मॅनेजरचेही आभार मानतो. उद्या कामावर आम्हाला सगळे बेल्ट नवे मिळणार आहेत. थँक यू सर. ॲडव्हान्समध्ये."

ढोलवाल्याने ठेका दिला. पाद्रीबुवांनी माइक साहेबांच्या तोंडापुढे धरला. "से आमेन, सर!"

साहेबांनी फोनांकडे पाहिलं, बेल्टकडे पाहिलं, मग चंद्रशेखरकडे. चंद्रशेखरने तोंड उघडलं होतं. महिनोन् महिन्यांचं सगळं जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ओसाचा हात त्याच्या पाठीवर येऊन टेकला, गरम आणि जड, आणि त्याने तोंड मिटलं.

"आमेन," साहेब म्हणाले.

जेवणाच्या वेळेपर्यंत साहेब निघून गेले होते. जाण्याआधी त्यांनी गाडीपाशी उभं राहून तय्यबला फोन केला. सगळे बेल्ट खुंट्यांवरून काढ, सप्लायरला आजच्या आज गाठ, शुक्रवार असला तरी. हे चंद्रशेखरने स्वतःच्या कानांनी ऐकलं. टोपी साहेब खुर्चीवरच विसरले होते.

आवारातल्या कडुनिंबाखाली चंद्रशेखर लालभडक मसालेभाताचं ताट घेऊन ओसाशेजारी बसला.

"मला का नाही सांगितलंस?" तो खेकसला. "आठवडाभर भंगार उपसतोय मी. माझ्यावर विश्वास नव्हता?"

"विश्वास आहे ओगा. पण तुझ्या चेहऱ्यावर सगळं दिसतं. तू त्या दिवशी शेडमध्ये मला विकला गेलास म्हणालास, तेव्हा वरची खिडकी उघडी होती. तुझा राग खरा होता, म्हणून त्याला वाटलं, बेल्ट तुझ्याकडे नाही आणि मी तुझ्या बाजूचा नाही. नाहीतर तो इथे आला असता?"

"म्हणजे मला वापरलंस."

"हो," ओसा हसत म्हणाला. "सॉरी."

"आणि तुला आता काढून टाकलं तर?"

"इतक्या फोनांवर आमेन म्हणून? लगेच नाही काढणार. पुढचं पुढे."

चंद्रशेखरला यावरही सणसणीत काहीतरी बोलायचं होतं, पण ओसा बोलताबोलता गप्प झाला होता. चमचा भातात रुतलेला होता आणि ताटाच्या कडेवर बारीक कडकड वाजत होता. चंद्रशेखरने आधी तो आवाज कुठून येतोय ते शोधलं. मग त्याला ओसाचा हात दिसला.

"मी त्या दिवसापासून गातोय," ओसा खालच्या आवाजात म्हणाला. "बायकोशी फोनवर मस्करी करतो. बाथरूममध्ये गातो. गप्प बसलो की मला ती तुळई पडल्याचा आवाज येतो ओगा. आत्ता पण येतोय."

भाताची शितं त्याच्या नव्या हिरव्या झग्यावर पडत होती. चंद्रशेखरला अशा वेळी काय बोलतात हे येत नव्हतं. पाठीवरून हात फिरवणं त्याला कधी जमलं नव्हतं, आणि प्रार्थना तर आपल्या देवाचीही धड पाठ नव्हती. त्याने दोनदा घसा खाकरला.

"अरे सांडतोयस सगळं!" तो ओरडला. पलीकडच्या टेबलावरच्या बायका दचकून वळल्या. "नवा कपडा आहे तो! सरळ बस आधी. दोन्ही हातांनी धर ते ताट!"

ओसा सरळ बसला. त्याने ताट दोन्ही हातांनी धरलं. चमचा वाजायचा थांबला. त्याने डोळे मिटले.

"अजून ओरड, ओगा," तो म्हणाला.

चंद्रशेखरने ताट खाली ठेवलं, टोपी मागे सारली, आणि हेल्मेटच्या पट्ट्यापासून सुरुवात केली.